टायमिंग चेन बदलायची वेळ

रामचंद्र घरतांच्या पिकअपने तीन लाख सत्याऐंशी हजार किलोमीटर पुरे केले त्या आठवड्यात तिच्या पोटातून आवाज यायला लागला, आणि तो पहिल्यांदा ऐकला ठमीने. रामचंद्ररावांना हे फार लागलं. गाडी आपली, स्टिअरिंगवर आपण, एकतीस वर्षं हायस्कूलच्या प्रयोगशाळेत काढलेली, बाटलीचं बूच नुसतं हललं तरी आत काय आहे ते सांगणारं नाक आपलं. आणि आवाज ऐकावा तो रोज सकाळी रिकामी पाटी मांडीवर घेऊन शेजारी बसणाऱ्या मासळीवालीने.

"मास्तर," रेवसच्या धक्क्यावर उतरता उतरता ती म्हणाली, "तुजे गारीचे पोटान कायतरी खुळखुळतंय."

आता रामचंद्रराव खरं म्हणजे मास्तर नव्हते. ते प्रयोगशाळा सहाय्यक होते. पण आमच्याकडे ज्याच्या खिशाला पेन असतं तो मास्तर, आणि रामचंद्ररावांच्या खिशाला दोन असायची. निवृत्त झाल्यावर या दोन पेनांचं करायचं काय हा प्रश्न उभा राहिला, कारण घरात काम चाललं होतं ते त्यांच्या बायकोचं. कोकिळाबाईंनी घरामागच्या पंधरा गुंठ्यांत रोपवाटिका उभी केली होती आणि ती जोरात होती. मुंबईची मंडळी अलिबागकडे बंगला बांधायला येतात, आधी जागेवरची झाडं तोडतात आणि मग त्याच जागेवर लावायला झाडं विकत घेतात. या देवाणघेवाणीत रोपं पोहोचवण्याचं खातं रामचंद्ररावांकडे आलं. खातं म्हणजे पिकअप. तिच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'कोकिळा नर्सरी' लिहिलेलं होतं. रामचंद्ररावांचं नाव फक्त आरसी बुकात होतं, आणि आरसी बुक कोणी वाचत नाही. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण गाडी पुसताना ते काच शेवटी पुसायचे.

ठमीने सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी बोनेट उघडून कान लावला. ठमी बरोबर होती. सकाळी इंजिन गार असताना डब्यात चिंचोके हलवल्यासारखी खुळखुळ यायची आणि दोन मिनिटांत गाडी गरम झाली की गप्प व्हायची. रामचंद्ररावांनी कंपनीचं पुस्तक काढलं. हे पुस्तक पिकअपबरोबर फुकट मिळतं आणि उभ्या रायगड जिल्ह्यात ते शेवटपर्यंत वाचलेला माणूस बहुधा तेच असावेत. निदान झालं: टायमिंग चेन. इंजिनाच्या आत सायकलसारखी एक साखळी असते. वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन यांना ती एका ठेक्यात नाचवते. जुनी झाली की सैल पडते आणि कुरकुरते. एके दिवशी तुटली की वरची मंडळी खालच्या मंडळींवर आदळतात आणि इंजिनाचं भंगार होतं. पुस्तकात स्पष्ट म्हटलं होतं की कुरकुर ऐकू येताच बदला.

अडचण एवढीच होती की त्याच सुमारास कोकिळाबाईंना काशीदचं काम मिळालं होतं. काशीदच्या किनाऱ्यावर एक नवं रिसॉर्ट होत होतं, नाताळच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्याचं उद्घाटन होतं, आणि दारापासून समुद्रापर्यंत माणसाच्या उंचीच्या पन्नास सुपाऱ्या उभ्या पाहिजेत असा तिथल्या मॅनेजरबाईंचा हट्ट होता. बंगलेवाल्यांना दहा-वीस रोपं देणं वेगळं आणि हे वेगळं. अलिबागच्या दोन मोठ्या नर्सरीवाल्यांना मागे टाकून कोकिळाबाईंनी हे काम मिळवलं होतं, आणि या पन्नास सुपाऱ्या त्यांनी चार वर्षं लेकरांसारख्या वाढवल्या होत्या. उद्घाटनाला चौदा दिवस होते.

"काशीदचं होऊ द्या," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं टिकलीय ती साखळी, अजून दोन आठवडे टिकेल."

"आणि रेवदंड्याच्या पुलावर तुटली तर?" रामचंद्रराव म्हणाले.

याला कोकिळाबाईंकडे उत्तर नव्हतं, म्हणून रामचंद्ररावांना वाटलं आपण जिंकलो. तीस वर्षांच्या संसारात कोकिळाबाईंकडे उत्तर नसणं आणि त्यांनी उत्तर न देणं यांतला फरक त्यांना अजून कळलेला नव्हता.

तरी त्यांनी नाक्यावर चौकशी केली. ही पहिली चूक. आमच्या नाक्यावर कुठल्याही विषयावर दोन पक्ष असतात आणि पिकअपच्या बाबतीतही होते. एक पक्ष म्हणे, मोडेपर्यंत हात लावू नये. चालत्या गाडीला पाना लावला की ती रुसते. दुसरा पक्ष म्हणे, मोडायच्या आधी बदलावं. हा पक्ष लहान होता, कारण त्यातल्या बऱ्याच जणांच्या गाड्या बदलता बदलता संपल्या होत्या. एकाने सांगितलं की आवाज येतो तो साखळीचा नसून डिझेलमधल्या भेसळीचा असतो. एकाने इंजिन ऑइलमध्ये कसलंसं पांढरं औषध टाकायला सांगितलं. पतपेढीतल्या एका गृहस्थांनी रामचंद्ररावांना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, गाडीचं तोंड पार्क करताना दक्षिणेला असतं का. रामचंद्ररावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शास्त्र आपल्या बाजूला आहे अशा समाधानाने ते पोयनाड रस्त्याला रघू मिस्त्रीकडे गेले.

रघू कमी बोलणारा माणूस. त्याने लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला, आणि डॉक्टरसारखे डोळे मिटले. मग म्हणाला, "चेन गेली हाय. महिनाभर काढील, जास्त न्हाय."

रामचंद्ररावांना इतका आनंद झाला की आपल्याच गाडीला असाध्य रोग निघालाय हे ते क्षणभर विसरले. किती वेळ लागेल असं विचारल्यावर रघू म्हणाला, दोन दिवस. रामचंद्ररावांनी घरी येऊन दोन दिवस सांगितले. कोकिळाबाई सुपाऱ्यांना पाणी घालत होत्या. त्यांनी पाणी पुढच्या सुपारीला वळवलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं आणि रघू मिस्त्री आयुष्यात सर्वांत जास्त वेळा बोलत असलेलं वाक्य बोलला: "खोललंच हाय तं..."

या वाक्याची ताकद ज्याने घराची एक फरशी बदलायला काढली आहे त्याला कळेल. खोललंच आहे तर पाणीपंपही बदलून टाकू, कारण तो साखळीच्या मागेच बसतो आणि महिन्याने तो गेला तर परत सगळं खोलावं लागेल. हे बरोबर होतं. पाणीपंप काढलाच आहे तर ऑइल सील. हेही बरोबर. सीलपर्यंत आलोच आहोत तर हेड उतरवून व्हॉल्व्ह बघू, आणि हेड उतरवलंय तर पिस्टनच्या रिंगा. प्रत्येक पायरी तर्कशुद्ध होती. कुठल्याच पायरीवर रामचंद्ररावांना नको म्हणायला जागा सापडली नाही, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पाहिलं तर पिकअपच्या पुढच्या भागात हवा होती आणि इंजिन ताडपत्रीवर पसरलं होतं.

त्यात पनवेलहून मागवलेली साखळी आली ती दोन कड्या कमी. दुकानदाराने फोनवर सांगितलं की ती बरोबर आहे, इंजिनच मोठं असेल. बदलून यायला आणखी दोन दिवस गेले.

या दोन दिवसांत रामचंद्रराव नुसते बसू शकले नाहीत. रघूच्या गॅरेजमध्ये बोल्ट ज्या पद्धतीने ठेवले होते ती पाहून त्यांच्यातला प्रयोगशाळा सहाय्यक जागा झाला. सगळे बोल्ट एकाच तसराळ्यात होते. एकतीस वर्षांत त्यांनी एक परीक्षानळी चुकीच्या स्टँडमध्ये ठेवली नव्हती. त्यांनी घरून प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या, प्रत्येक बोल्ट कुठला ते रघूला विचारून विचारून चिठ्ठ्या लिहिल्या, 'हेड, डावी बाजू, क्र. ३', 'चेन कव्हर, खालचा आखूड', आणि चिठ्ठीसकट बोल्ट पिशवीत घातले. ही पद्धत पाहायला शेजारचा टायरवाला आला. चहाच्या टपरीवरून दोघे आले. रघूसुद्धा म्हणाला की असं त्याने कधी पाहिलं नाही. रामचंद्ररावांना निवृत्तीनंतर इतकं बरं प्रथमच वाटलं.

साखळी आली त्या सकाळी रघूने सांगितलं, बोल्ट डिझेलमध्ये धुऊन घ्या. बोल्ट तेलकट होते, पिशव्यांतही डिझेल उतरलं होतं. रामचंद्ररावांनी पहिली पिशवी उघडली. चिठ्ठी होती. तिच्यावर फिकट निळा डाग होता. दुसरीवरही डाग. बॉलपेनची शाई डिझेलमध्ये विरघळते. सातवीतल्या कुठल्याही मुलाने सांगितलं असतं, आणि त्या सातवीतल्या मुलांना द्रावण म्हणजे काय हे दाखवायला लागणाऱ्या परीक्षानळ्या एकतीस वर्षं रामचंद्ररावांनीच धुतल्या होत्या. बेचाळीस पिशव्या, बेचाळीस निळे डाग. ते खाली मोडक्या सीटवर बसले.

रघू अंदाजाने एकेक बोल्ट लावत गेला. पण रामचंद्ररावांना भरपाई करायची होती. चेनच्या कव्हरचा एक बोल्ट सापडेना तेव्हा त्यांनी ढिगातून एक उचलला, उजेडात धरून पाहिला आणि पूर्ण खात्रीने म्हणाले, "हा इथलाच. माझ्या चांगला लक्षात आहे."

बोल्ट अर्ध्या बोटाने लांब होता. रघूने पाना फिरवला, बोल्ट भोकाच्या तळाला टेकला, आणखी एक पीळ दिला आणि इंजिनाच्या ओतीव अंगातून 'टक्' असा छोटासा, सुपारी फोडल्यासारखा आवाज आला. मग रघूने विजेरी धरली. ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यालाच, केसासारखी चीर गेली होती.

"आता?" रामचंद्ररावांनी विचारलं.

"आता ब्लॉक," रघू म्हणाला. "खोललंच हाय तं."

त्या दिवशी घरी जाऊन खरं सांगणं भाग होतं. रामचंद्ररावांनी सांगितलं. बोल्ट कोणी दिला हे ते गाळू शकले असते, पण त्यांनी गाळलं नाही. कोकिळाबाईंनी ऐकून घेतलं, आत गेल्या आणि आपल्या धाकट्या भावाला उरणला फोन लावला.

हा भाऊ म्हणजे निकेत. बंदरावर त्याचे चार ट्रेलर चालतात आणि त्याला अडचण सांगितली की तो खूश होतो. "दाजी, टेन्शन कायको लेनेका," तो रामचंद्ररावांना फोनवर घेऊन म्हणाला, "उद्या इंजिन येतंय." आणि खरोखरच आलं. मिठागरात जाऊन पडलेल्या एका पिकअपचं अख्खं इंजिन होतं, गाडीची चासी वाकली होती पण इंजिन ठणठणीत होतं. नव्या साखळीसकट सगळे नवे भाग त्याला लावून रघूने दोन दिवसांत ते बसवलं. अकराव्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली आणि गाडी अशी सुरू झाली की रघूलाही हसू आलं. गाठीला पुरे तीन दिवस होते. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

पण इंजिनावर नंबर असतो. आरसी बुकात एक नंबर आणि इंजिनावर दुसरा, असं झालं होतं. निकेत म्हणाला, कोण वाकून बघतंय. रघू म्हणाला, ह्या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांचं इंजिन दुसऱ्याचं हाय. नाक्यावरचे दोन्ही पक्ष प्रथमच एकमताने म्हणाले की काशीदला जाऊन या, कागद मागाहून बघा. रामचंद्रराव ऐकेनात. शाळेच्या साठा रजिस्टरात प्रत्येक वस्तूचा नंबर असायचा आणि दर मार्चला वस्तू आणि नंबर जुळायचे. नंबर न जुळणारी वस्तू म्हणजे एकतर चोरीची किंवा नसलेली. आपली गाडी या दोनपैकी काहीही असणं त्यांना मान्य नव्हतं. कोकिळाबाई त्यांना आग्रह करतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी केला नाही. एवढंच विचारलं, "एका दिवसात होईल?"

रामचंद्रराव परिवहन कार्यालयात गेले. खिडकीतला कारकून तरुण आणि अतिशय सभ्य होता. त्याने त्यांना काका म्हटलं, बसायला सांगितलं आणि फॉर्म दिला. इंजिनच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून आणलेला छाप पाहिजे होता; रामचंद्ररावांनी गाडीखाली आडवं होऊन तो इतका सुबक काढला की कारकुनाने शेजाऱ्याला दाखवला. मग त्याने नंबर संगणकात टाकला आणि त्याचा चेहरा बदलला.

"काका, तुमच्या इंजिनाची मूळ गाडी आमच्याकडे अजून जिवंत आहे," तो म्हणाला.

मिठागरात पडलेली ती पिकअप मालकाने भंगारात काढली होती, पण तिची नोंद रद्द केली नव्हती. म्हणजे कागदोपत्री ती आजही उरणच्या रस्त्यांवर हिंडत होती आणि तिचं इंजिन तिच्यातच होतं. एक इंजिन एकाच वेळी दोन गाड्यांत कसं असेल, असं कारकुनाने नम्रपणे विचारलं. आधी त्या गाडीचा एक प्रकारे मृत्यूचा दाखला आणा, मग हिच्यात प्राण घालू. रामचंद्ररावांना भांडायचं होतं. पण त्या मुलाचं म्हणणं अगदी बरोबर होतं आणि तेच त्यांना सोसेना. सरकारी खिडकीवर माणूस नियमावर बोट ठेवून लबाडी करतो तेव्हा निदान चिडता येतं.

गाडीचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला राहणार नाही. निकेतने त्या मालकाला शोधून काढलं, नोंद रद्द झाली, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नवा नंबर आरसीवर चढला आणि पिकअप आज झोकात चालते. पण जानेवारीचा दुसरा आठवडा नाताळच्या नंतर येतो.

रामचंद्रराव कार्यालयातून परत आले तेव्हा कोकिळाबाई फोनवर होत्या. नवऱ्याने तिथूनच कळवल्यापासून तासाभरात त्यांनी रेवस ते पोयनाड सगळ्या पिकअपवाल्यांना फोन लावले होते. हळदीचे दिवस होते. ज्यांनी आमच्याकडची हळद पाहिली नाही त्यांना सांगतो, लग्नाला माणसं येतात आणि हळदीला गाव येतं, आणि त्या गावाला नाचवायला भिंतीएवढे स्पीकर लागतात आणि ते स्पीकर पिकअपवर बसतात. पंचक्रोशीतली प्रत्येक पिकअप पंचवीस तारखेपर्यंत डीजेखाली होती. निकेतचे ट्रेलर मोकळे होते, पण चाळीस फुटी ट्रेलर नर्सरीच्या गल्लीत वळत नाही आणि काशीदच्या त्या वाटेवर तर नाहीच.

कोकिळाबाईंनी फोन ठेवला. सुपाऱ्या अंगणात रांगेने उभ्या होत्या, बुंध्याला गोणपाट बांधून, प्रवासाला तयार.

"चार वर्षं मी एक पान वाळू दिलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "उद्या मॅनेजरबाईंना फोन करून सांगते, दुसरीकडून घ्या म्हणून."

रामचंद्रराव व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिले. त्यांनी खिशातली दोन्ही पेनं काढून बाजूला ठेवली. साखळी महिन्याभरात तुटणार होती हे खरं होतं. पुस्तक खरं होतं, रघू खरा होता, कारकूनही खरा होता. सगळी माणसं खरी असून शेवट खोटा कसा निघतो, याचा त्यांना उलगडा होईना.

तेवढ्यात ठमी आली. बारा दिवस तिला रिक्षाने धक्क्यावर जावं लागत होतं आणि त्याबद्दल बोलायलाच ती आली होती. कोकिळाबाईंनी तिला सगळं सांगितलं. ठमीने पाटी खाली ठेवली, सुपाऱ्या पाहिल्या आणि रामचंद्ररावांकडे वळली.

"मास्तर, आमचे बोटीचं इंजिन आमी बंद परायची वाट बघत न्हाय. दर्यान बंद परलं तं ढकलाला कोन येनार? तुजं बरोबर हाय, आधीच बदलाला पायजे. पन कवा? आमी सगला पावसान खोलताव. बोट वर काढलेली असते तवा. तू खोललीस ती ऐन धंद्यान."

रामचंद्ररावांनी मान वर केली. तीन लाख सत्याऐंशी हजार किलोमीटर, पुस्तकातला तक्ता, महिनाभर काढील की नाही, या सगळ्या हिशेबात त्यांनी नाक्यावरच्या प्रत्येकाला विचारलं होतं. आषाढात मुंबईकर येत नाहीत आणि पिकअप दीड महिना अंगणात उभी असते, साखळी गेल्या आषाढातच बघून घ्यायची होती, हे फक्त कोणाच्या तोंडून आलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्याही नाही.

"आता काय करू?" त्यांनी विचारलं.

"करशील काय. सहा वरसं तुजे गारीन फुकट बसतंय. आता तू माजे बोटीन बस."

चोवीस तारखेला पहाटे भरती होती. रेवसच्या धक्क्याला भरतीशिवाय बोट लागत नाही, नाहीतर नुसता चिखल. ठमीचा मुलगा गणराज बोटीचा तांडेल होता. जाळी काढून त्याने जागा केली आणि पन्नास सुपाऱ्या बोटीत उभ्या करून दोरांनी आवळल्या. कोकिळाबाई पहिल्या एसटीने काशीदला पुढे गेल्या, खड्डे आणि माणसं तयार ठेवायला. रामचंद्रराव सुपाऱ्यांबरोबर बसले. त्यांच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत पिकअपच्या सगळ्या कागदांची फाइल होती. ती कशाला घेतली हे त्यांना सांगता आलं नसतं.

उजाडलं तेव्हा बोट खुल्या समुद्रात आली आणि सुपाऱ्यांच्या झावळ्यांत वारा शिरला. गणराजला हे अपेक्षित नव्हतं. पन्नास झाडांनी मिळून शीड धरलं होतं आणि बोट काशीदऐवजी हळूहळू आडवी सरकायला लागली. त्याने झावळ्या वर एकत्र बांधायला सांगितल्या. रामचंद्रराव उठले, एका सुपारीला धरून उभे राहिले, आणि तिथेच त्यांना पहिल्यांदा उलटी झाली. दुसरी अलिबागचा किल्ला दिसला तेव्हा. आपला जिल्हा समुद्रातून इतका देखणा दिसतो हे त्यांना पासष्टाव्या वर्षी कळलं, पण तो नीट बघता आला नाही.

चौलच्या समोर गस्तीची बोट आडवी आली. मासेमारीची बोट, मासा एक नाही आणि वर बाग. गस्तीवरच्या हवालदारांनी विचारलं की हे काय आहे. गणराज म्हणाला, मास्तर सांगतील. रामचंद्ररावांनी फाइल पुढे केली. हवालदारांनी आरसी बुक वाचलं, विम्याचा कागद वाचला, पेन्सिलचा छाप उलटसुलट करून बघितला आणि विचारलं की हे कागद पिकअपचे आहेत, पिकअप कुठे आहे. रामचंद्ररावांनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. खुळखुळ, साखळी, पाणीपंप, शाई, बोल्ट, मिठागर. लाटांवर दोन्ही बोटी खालीवर होत होत्या. अर्ध्या गोष्टीवर ते थांबले, कडेला जाऊन तिसरी उलटी करून आले आणि जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू झाले. हवालदारांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांच्याकडेही जुनी गाडी असावी. बोटीचे कागद गणराजकडे चोख होते, ते पाहून त्यांनी जायला सांगितलं. जाताना मात्र घरच्या सुपारीची पानं पिवळी पडतात त्याला काय करावं हे विचारून घेतलं. रामचंद्ररावांनी शेणखत आणि मुळाशी ओल, असं सांगितलं आणि चौथ्यांदा कडेकडे वळले.

काशीदला पोहोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. किनाऱ्याला धक्का नाही, म्हणून बोट पाण्यात उभी करून सुपाऱ्या छोट्या होडीने न्यायच्या होत्या. रिसॉर्टचे पाहुणे आधीच येऊन वाळूवर बसले होते. त्यांनी पाहिलं ते असं: समुद्रातून एक हिरवं बन हळूहळू किनाऱ्याकडे येतंय. लोक उभे राहिले. मोबाइल वर आले. एकेका खेपेला आठ-आठ सुपाऱ्या लाटांवर डुलत आल्या आणि कोकिळाबाईंच्या माणसांनी त्या पाण्यातूनच उचलून नेल्या. शेवटच्या खेपेला रामचंद्रराव आले. होडी वाळूला लागायच्या आधीच त्यांना जमीन हवी होती, म्हणून त्यांनी उडी टाकली आणि ते कमरेपर्यंत पाण्यात गेले. एका हातात फाइल उंच धरलेली, दुसऱ्यात पन्नासावी सुपारी. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात इतक्या लोकांनी त्यांच्यासाठी टाळ्या कधी वाजवल्या नव्हत्या, आणि त्यांना फक्त कोणी न बघेल अशी जागा हवी होती.

मॅनेजर ऋतिकाबाई धावत आल्या. उद्घाटनाला झाडं समुद्रातून आणायची, ही काय सुंदर कल्पना आहे, आधी का नाही सांगितलं, असं त्या एका दमात म्हणाल्या. कोकिळाबाई त्यांची चूक दुरुस्त करतील म्हणून रामचंद्रराव थांबले. कोकिळाबाईंनी आधी पन्नासावी सुपारी त्यांच्या हातातून घेतली, बुंधा तपासला, एकही पान मोडलेलं नाही हे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. पँट गुडघ्यापर्यंत वाळूने भरलेली, चष्म्यावर मीठ, चेहरा सुपारीच्या पानापेक्षा हिरवा.

"हे आमचे मिस्टर," त्या ऋतिकाबाईंना म्हणाल्या. "वाहतुकीचं सगळं हेच बघतात."

हे त्या हसून बोलल्या नाहीत. जसं होतं तसं सांगितलं. रामचंद्रराव नकळत ताठ उभे राहिले.

ऋतिकाबाई म्हणाल्या की पुढच्या महिन्यात मागच्या बागेसाठी आणखी साठ नारळ लागतील. पाहुण्यांना हे इतकं आवडलंय की तेही असेच समुद्रातून आणता आले तर फार छान होईल. कोकिळाबाई लगेच हो म्हणतील असं कोणालाही वाटलं असतं. त्या थांबल्या. चौदा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी रामचंद्ररावांचं मत विचारलं.

"जमेल का हो?"

रामचंद्ररावांनी चष्मा काढला, ओल्या शर्टाला पुसला, परत लावला आणि समुद्राकडे पाहिलं. पाय जमिनीवर होते, पण पोटाला ही बातमी अजून पोहोचलेली नव्हती.

"भरतीचं वेळापत्रक बघून कळवतो," ते म्हणाले. मग त्यांनी फाइल कोकिळाबाईंच्या हातात दिली आणि खातेप्रमुखाला शोभेल अशा सावकाश पावलांनी, घाई न दाखवता, ते पाचव्या उलटीसाठी सुरूच्या झाडांच्या मागे गेले.